हॉल तिकीट कोण देणार?

“मॅडम, शेवटचा पेपर देऊन बाहेर आले आणि मला रडूच फुटलं. मैत्रिणींना वाटलं, सुटल्याच्या आनंदानं रडतेय. मला तर एवढंच कळत होतं, की उद्या सकाळी उठून काय वाचायचं ते मला माहीत नाही.”

जुलै २०२५. कोल्हापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून ती हे सांगत होती आणि हातातल्या वहीचा कोपरा दुमडत होती, सरळ करत होती. तीन वर्षांचं एलएलबी, मार्क चांगले, वडील एस.टी.त चालक, घरात काय, नात्यातही वकील कुणी नाही. परीक्षा संपून महिना झालेला, निकाल लागायचा होता. झोप उडाली होती, जेवण अर्ध्यावर आलं होतं. दारात पाहुणा आला की ही माडीवर जाऊन बसायची, कारण पहिला प्रश्न ठरलेला: “मग, काळा कोट कधी?” (तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.)

कायदा शिकलेली मुलं-मुली माझ्याकडे बहुतेक पावसाळ्यातच येतात. चिंता साधारण हीच असते: परीक्षा संपली, आता पुढं काय, आणि मला वकिली झेपेल का?

पहिल्या दोन भेटींत माझा अंदाज चुकला. हा परीक्षेचा शीण आहे असं मी धरून चालले. झोपेच्या वेळा, सकाळचं चालणं, रात्री मोबाइल लांब, यावरच बोललो. झोप जरा सुधारली, भीती जिथल्या तिथं. तिसऱ्या भेटीत तिनं ती वही उघडून माझ्यासमोर ठेवली. पानावर अकरा ओळी होत्या. एलएलएम, नेट, बँकेत लॉ ऑफिसर, पुण्यात कंपनीत नोकरी, असं करत शेवटची ओळ ‘लग्न’, तीही तिच्याच अक्षरात. सगळ्यात वर ‘जेएमएफसी’ आणि त्यावर आडवी रेघ, इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता.

जेएमएफसी म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची एमपीएससीची परीक्षा. पदवी घेतली की थेट तीच द्यायची, हे तिनं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. पण २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की या पदासाठी किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. तिचे शेवटचे पेपर तेव्हा तोंडावर होते.

“चौथीच्या स्कॉलरशिपपासून माझ्याकडं पुढच्या परीक्षेचं हॉल तिकीट असायचं मॅडम. कुठल्या बाकावर बसायचं ते लिहिलेलं असायचं. आता कोण देणार?”

हे ऐकलं आणि मला तिची अडचण दिसली. ही मुलगी आळशी नव्हती, घाबरटही नव्हती. आयुष्यभर तिला कुणीतरी नंबर देऊन बसवलं होतं, आणि आता पहिल्यांदाच न बोलावता एका दारातून आत जायचं होतं. आपण मुलांना पंधरा-सोळा वर्षं पेपर सोडवायला शिकवतो, दार ठोठवायला शिकवत नाही. मला याची मनापासून खंत वाटते.

मी वकील नाही. म्हणून तिच्यादेखतच एका वकील मैत्रिणीला फोन लावला आणि त्या अकरा ओळी तिच्यापुढं ठेवल्या. पाच मिनिटांत बऱ्याच ओळी आपोआप मागे सरकल्या. बँकेच्या लॉ ऑफिसरच्या भरतीलाही सनद, म्हणजे बार कौन्सिलकडची वकिलीची नोंदणी, लागते. जेएमएफसीची तीन वर्षं मोजली जातात ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, वकिलांची पात्रता ठरवणारी बार परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. म्हणजे सनद जितकी लांबेल तितकी तीन वर्षं पुढं जाणार. पगारी पूर्णवेळ नोकरी धरली तर वकिली करता येत नाही, सनद तहकूब ठेवावी लागते. त्या तीन वर्षांचा दाखला किमान दहा वर्षं अनुभव असलेल्या वकिलाकडून घ्यायचा आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही हवी. तेव्हा कोणत्या दिवशी कुठल्या कोर्टात हजर होतो, हे पहिल्या दिवसापासून डायरीत लिहायला लाग, असं मैत्रिणीनं तिला बजावलं.

सनदेला पंचवीस हजार लागतात असं कुणीतरी घरी सांगून ठेवलं होतं. त्या आकड्यानं आईची झोप उडाली होती. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केलंय, की अधिवक्ता कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलला घेता येणार नाही: खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक शुल्क काय असेल ते वेगळं. हे ऐकून तिनं तिथूनच आईला फोन केला. “आई, साडेसातशे. अगं हो, हजार नव्हे, साडेसातशे!”

मग वडिलांना बोलावलं. ड्युटीवरून खाकीतच आले, खुर्चीच्या टोकावर बसले. मुलीनं काय करावं यावर मी त्यांना काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की महिन्याला किती आणि किती दिवस देता येईल. समुपदेशनात पैशाचं बोलणं टाळलं जातं, आणि मग घरात त्याच पैशाची धग सगळ्या बोलण्यातून लागत राहते. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. खोलीभाडं, मेस, एकदाच कोट, असं पेन्सिलीनं मांडलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “दीड वर्ष मी बघतो. तवर तिला कुणी काय इचारायचं न्हाई. मीबी इचारणार न्हाई.” ती खाली मान घालून बसली होती.

निकाल लागेपर्यंत तिला मी एकच काम दिलं. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात रोज जायचं आणि मागच्या बाकावर बसायचं. कोर्ट खुलं असतं, कुणालाही बसता येतं. दहा दिवस. कुणाशी बोलायचं नाही, दिसेल ते लिहायचं.

आली ती भरलेली वही घेऊन. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, साठ-सत्तर मॅटर आणि निम्म्यांना नुसती तारीख. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर तासभर चाललेला युक्तिवाद. पुकारा झाला तरी पक्षकार बाहेर चहा पीत होता, ती धावपळ. तिचा मोठा सल असा होता, की पहिल्या दोन वर्षांत भारतीय दंड संहिता पाठ केली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. “शिकले ते गेलंच की.” पण कोर्टात तिनं पाहिलं, की वीस वर्षं वकिली केलेले लोकही फसवणुकीचं कलम ४२० म्हणून थांबत होते आणि पुस्तकात ३१८ शोधत होते. जुन्या गुन्ह्यांना जुना कायदा लागतो, नव्यांना नवा. तिला दोन्ही येत होते.

सातव्या दिवशी माझा नियम मोडला. व्हरांड्यात एक म्हातारी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी होती. वाटपाचा दावा, वकील फोन उचलत नव्हता. हिनं कागदावरचा खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मोबाइलवर ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाकला आणि सांगितलं, “आजी, तारीख आज नाही, पुढच्या महिन्यात आहे. कोर्टपण बदललंय.” तारीख, वार आणि कोर्टाचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला. म्हातारी म्हणाली, “लई बरं झालं बघा वकीलबाई.”

“मी म्हटलं, अजून वकील नाही आजी.” हे सांगताना ती हसली. माझ्याकडं आल्यापासून पहिल्यांदा.

याच सुमाराला, १८ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांची जी कामं मुंबईला जायची ती सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत यायला लागली. सिनियर लोकांना माणसं हवी होती, पण ती मागायला गेल्याशिवाय कळणार कसं? आम्ही खोलीत तालीम केली. मी सिनियर, ती समोर. वाक्य ठरलं: “मला तुमच्याकडं शिकायचंय. महिन्याला किती द्याल आणि उभं राहायला कधी मिळेल?” चार वेळा ती पहिल्या वाक्यालाच थांबली. पैशाचं विचारणं तिला उद्धटपणा वाटत होता. भारतीय विधिज्ञ परिषदेनंच ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, आणि जिल्ह्याच्या गावी तेवढे मिळतील असं मी तिला मुळीच सांगितलं नाही. पण विचारणं गैर नाही, एवढं त्यावरून तिला पटलं.

चार दारं झाली. एकानं “मुली टिकत नाहीत” म्हणून परत पाठवलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज चढलेला, चिडलेली. मला बरं वाटलं, कारण जुलैमध्ये हेच ऐकून ती आठवडाभर माडीवरून खाली उतरली नसती. चौथ्या दारी एक वकीलबाई होत्या. पाच हजार, आणि सनद हातात आली की मुदतीचे, म्हणजे वेळ वाढवून मागायचे अर्ज तू चालवायचे.

सप्टेंबरात निकाल लागला, मग सनद झाली, नोव्हेंबरात बार परीक्षा दिली. शंभर प्रश्न, खुल्या गटाला पासाला ४५ टक्के, मराठीतूनही देता येते. त्याबद्दल तिनं मला फारसं सांगितलंच नाही.

जानेवारीत आली तेव्हा सांगायचं होतं ते निराळंच. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या, पुकारा झाला, ही उठली. “मॅडमच्या वतीनं हजर आहे. मुदतीचा अर्ज आहे.” समोरच्या वकिलांनी जोरात हरकत घेतली. न्यायाधीशांनी फाईलमधून मान वर न काढता विचारलं, “कारण?” हिनं सांगितलं. दोनशे रुपये खर्चावर अर्ज मंजूर. हा प्रसंग तिनं मला तीनदा सांगितला, तिसऱ्यांदा उभं राहून.

पुढची भेट कधी ठेवूया, मी विचारलं. तिनं पर्समधून डायरी काढली, पानं उलटली.

“बुधवारी नको मॅडम. बुधवारी बोर्डावर सहा मॅटर आहेत.”