काळा मागितला, निळा दिला

सांगलीच्या एका बाईंचं पत्र आहे. चार पानी होतं, थोडं कापून देते.

"माई, मी 61 वर्षांची आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वाकळा शिवते. पुण्याच्या सुनेनं मला मोबाइलवर एका कृतज्ञता गटात घातलंय. 21 दिवस रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या आणि फोटो गटात टाकायचा. माझं बरं चाललं होतं. सोमवारी लिहिलं, जुन्या लुगड्याचा काठ न फाटता अख्खा उसवला. मंगळवारी, रिठ्यात धुतलेल्या कापडाचा वास. बुधवारी बोहारीण आली होती. तिच्या बोचक्यात दोन सुती नऊवारी दिसली, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. मी तिला स्टीलचा डबा दिला आणि ती दोन्ही काढून घेतली. गल्ली हसत होती. गुरुवारी थर अंथरून टाचून झाले. शुक्रवारी दुपारी दारात ऊन आलं आणि कडेची पहिली फेरी पुरी झाली.

पंधराव्या दिवशी गटात सांगितलं, ज्या माणसाचा राग येतो त्याच्याबद्दल तीन चांगल्या गोष्टी लिहा. तिथं मी अडकले. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. 36 वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण हे शेवटचं वर्ष फार जड गेलं. या वेळच्या वाकळीला वरून त्यांचीच जुनी चंद्रकळा लावली आहे, म्हणून काळा दोरा लागतो. मी काळा मागते, त्या गडद निळा ओवून देतात. दाखवलं तर म्हणतात, काळाच आहे, मला शिकवू नकोस. अस्तराचं पांढरं कापड नीळ घालून वाळवते, तरी म्हणतात, पिवळं पडलंय, तुला धुता येत नाही. दिवाळीत माझा भाऊ आला, फाटकापाशी हात जोडून उभा राहिला, तर यांनी ओळख न देता तोंड फिरवलं. संध्याकाळी मालिका लावली की 'त्यात काय बघायचंय' म्हणून उठून जातात.

शेवटी एकच गोष्ट लिहिली. या वयात त्यांना सुई ओवायला चष्मा लागत नाही, गेल्या वर्षापासून सुटलाच, देवाची कृपा. रोज सकाळी माझ्या दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. बाकीच्या दोन सुचल्या नाहीत. मनात नसताना लिहिलेली कृतज्ञता खोटी असते का? आणि अशा माणसाबद्दल मन साफ कसं करायचं?"

बाई, मनाचं नंतर बघू. आधी डोळ्यांचं बघा. तुमच्या नव्हे, त्यांच्या.

भावाचा अपमान तुम्ही पाऊण पान लिहिलाय (मी तो दोन ओळींवर आणला, माफ करा), आणि 'चष्मा गेल्या वर्षापासून सुटलाच' हे अर्ध्या ओळीत उरकून देवाला नमस्कार करून पुढे गेलात. माझं बोट त्या अर्ध्या ओळीवरून हलेना. चाळिशीत लागलेला चष्मा ऐंशीनंतर आपोआप सुटत नसतो. सुटलाच, तर त्यात देवाची कृपा कमी आणि मोतीबिंदू जास्त असतो.

होतं असं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर मधोमध, गाभ्यात, घट्ट होत जातं. असं भिंग प्रकाश जास्त वाकवतं. त्यामुळे हातातली सुई, पोथीतली ओळ चष्म्याशिवाय दिसायला लागते, आणि तेवढंच लांबचं पुसट होत जातं. म्हातारं माणूस खूश होतं, घरचे पाहुण्यांना सांगत सुटतात. पण हे कौतुक काही काळाचंच. भिंग आणखी गढूळ झालं की जवळचंही जातं.

शिवाय हे भिंग नुसतं घट्ट होत नाही, पिवळं पडतं, पुढे पुढे तपकिरी. सासूबाई सगळं जग चहाच्या रंगाच्या काचेतून बघतायत असं समजा. या काचेत सगळ्यात जास्त अडतो तो निळा रंग.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. काळ्याच्या जागी गडद निळा. पांढरं अस्तर पिवळं. फाटकापाशी उभा असलेला भाऊ दिसलाच नाही. टीव्हीवर कोण रडतंय ते कळत नाही, आणि कळत नाही हे सांगायची लाज, म्हणून 'त्यात काय बघायचंय'. चार तक्रारी आणि एक कृतज्ञता, अशी पाच कलमं तुम्ही मला लिहून पाठवलीत, आणि पाचही एकाच भिंगातून आलेली दिसतायत. त्या 'पिवळं' म्हणाल्या की तुम्ही दुसऱ्या दिवशी नीळ वाढवत असणार. मीही तेच केलं असतं. आणि नीळ हाच नेमका त्यांच्यापर्यंत न पोचणारा रंग!

क्लोद मोने हा फ्रान्सचा थोर चित्रकार. 1912 मध्ये त्याला मोतीबिंदू असल्याचं निदान झालं आणि भीतीपोटी शस्त्रक्रिया त्यानं 1923 पर्यंत लांबवली. मधल्या काळात रंग डोळ्यांना ओळखू येईनात, तेव्हा तो नळ्यांवरची नावं वाचून रंग घ्यायचा. तुमच्या सासूबाईंच्या रिळांवर नावं नाहीत. त्या तरी काय करणार?

तुम्हाला वाटेल, माई सासूची बाजू घेतेय. अजिबात नाही. 36 वर्षांचे टोमणे काही भिंगातून आलेले नाहीत, ते भिंग बदलून जाणारही नाहीत. त्यांचा हिशेब तुमचा तुम्ही ठेवा. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. चालत्या बोहारणीच्या बोचक्यात दुमडलेलं लुगडं बाहेरून बघून ते सुती आहे, मऊ आहे, वाकळीला चालेल हे तुम्ही ओळखता. (डबा देऊन लुगडी घेतलीत ना, तिथं मी पत्र खाली ठेवून मनसोक्त हसले. माझ्या आईनं आयुष्यभर बोहारणीशी एका पातेल्यासाठी तासतासभर हुज्जत घातली, पण उलटा व्यवहार तिलाही सुचला नसता.) ती तुमची नजर सहा फुटांवर बसलेल्या बाईकडे वर्षभर गेली नाही. तुम्ही त्यांचा स्वभाव बघत होतात. रोज निळी सुई हातात आली, रोज वाद झाला, आणि रोज तुम्ही धरून चाललात की हे मुद्दाम चाललंय. 84 वर्षांची बाई सकाळी उठून मुद्दाम निळा दोरा शोधून काढील?

मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण मी यापेक्षा वाईट केलंय. माझी आत्या ऐंशीनंतर पंचांग चष्म्याशिवाय वाचायला लागली. आलेल्या-गेलेल्याला आम्ही ते दाखवायचो, तीही ऐटीत तिथी-नक्षत्र वाचायची. अंगणात उतरायला तीनच पायऱ्या होत्या. एका सकाळी तिला शेवटची दिसली नाही. खुबा मोडला. दवाखान्यात तिचे डोळे पहिल्यांदा तपासले गेले, तेही पाय तपासायला नेलं म्हणून. तुमच्याकडे दाराला उंबरा किती उंच आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणखी एक. परवा मी माझ्याकडच्या गोधडीला टेप लावला. (आमच्याकडे गोधडी, तुमच्याकडे वाकळ, धावदोरा तोच.) पाच फूट बाय सात. टाक्यांच्या ओळी बोटभर अंतरावर. म्हणजे शहात्तर-एक ओळी, सात-सात फुटांच्या. सव्वापाचशे फुटांहून जास्त शिवण. हातभर दोऱ्यात, गाठ आणि शेपूट सोडून, फूटभर शिवण निघते असं धरलं तर एका वाकळीला पाचशेच्या वर वेळा सुई ओवावी लागते. दहा-बारा सुया एका वेळी, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास सकाळी. या वर्षात तुमच्या किती वाकळा झाल्या, ते तुम्ही मोजा. त्या सगळ्या सुया गढूळ भिंगातून ओवल्या गेल्यात, आणि ओवणारीला वाटत होतं की सुनेला आपलं काळं सुद्धा पटत नाही.

तेव्हा काय करायचं ते ऐका. येत्या गुरुवारी टाचण राहू द्या आणि सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. खाजगी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. मी काही डॉक्टर नाही; रक्तातली साखर वाढली तरी नंबर असा सरकतो, म्हणजे तेही एकदा बघून व्हायला हवंच. पण न्या. 'तुम्हाला दिसत नाही' असं चुकूनही म्हणू नका, त्या जागच्या हलणार नाहीत. 'मला डोळे दाखवायचेत, सोबतीला चला' म्हणा. ते खोटंही नाही, एकसष्टाव्या वर्षी तुमच्या सुया दुसऱ्याला ओवाव्या लागतात, तुमचेही डोळे तपासून घ्यायला हवेतच. पिशवीत दोन रिळं ठेवा, काळं आणि निळं. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून सांगा, भांडण यावरून चाललंय.

घरात कुणीतरी म्हणेल, पिकू दे, मग काढू. ते आजीच्या काळात. आता पिकायची वाट बघत नाहीत. उलट गाभा फार कडक झाला तर काढणं अवघड जातं. कुणी म्हणेल, थंडीत करू. थंडीचा आणि मोतीबिंदूचा काही संबंध नाही, शस्त्रक्रिया बारा महिने होते. कुणी म्हणेल, या वयात कशाला. त्याला सांगा, नुसतं वय आड येत नाही; साखर, रक्तदाब बघून डॉक्टर ठरवतील. छेद काही मिलिमीटरचाच असतो, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. आधी एक डोळा, मग दुसरा.

पुढचे काही आठवडे थेंब घालायचे असतात, दिवसातून कितीतरी वेळा, आणि वेळा लक्षात राहत नाहीत. तुमच्याकडे सुनेनं दिलेली वही आहेच. सहा दिवस उरलेत ना एकवीसमधले? त्या पानांवर रेघा मारा, वेळा लिहा, थेंब घातला की खूण करा. गटात फोटो टाकायचा की नाही, तुमची मर्जी. तुम्ही विचारलंय, लिहिलेली कृतज्ञता खोटी का? मला ते ठरवता येत नाही. मला एवढंच दिसतं की वहीत 'देवाची कृपा' लिहिलंत आणि ती गोष्ट तुमच्यासाठी तिथंच मिटली.

एका गोष्टीची तयारी ठेवा. नवं भिंग सहसा लांबचं नीट दिसावं म्हणून बसवतात. तेव्हा जवळचा चष्मा सासूबाईंच्या नाकावर परत येईल आणि सकाळच्या आयत्या सुया कदाचित बंद होतील. दोरा-रिळांच्या दुकानात सुई ओवायची पत्र्याची चकती मिळते, पुढे बारीक तारेचा फास असलेली. दोन आणून ठेवा. एक त्यांनाही लागेल, सवय इतक्या सहजी सुटत नाही.

आणि ती चंद्रकळा त्यांच्यासमोर अंथराल तेव्हा 'तुझंच बरोबर होतं, तो निळाच होता' असं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबू नका. नव्या डोळ्यांनी त्या वाकळीवरून हात फिरवतील, कडेच्या पहिल्या फेरीपाशी थांबतील आणि विचारतील, "हे टाके इतके वाकडे कधीपासून घालायला लागलीस?"