बाबांची बिडी आणि पंप

प्रश्न: बाबा ६४ चे, ४० वर्षं बिडी. डॉक्टर सीओपीडी म्हणालेत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिलाय. बाबा म्हणतात फुफ्फुसं गेलीच, आता सोडून काय उपयोग? मागे चार दिवस सोडली तर खोकलाच वाढला म्हणे. काय करू?

उत्तर: ताई, उपयोग आहे, आणि खूप आहे. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही हे खरं, पण बिडी सुटली की पुढची झीज मंदावते, पंपाने दम हलका होतो पण तो काही बिडीची भरपाई नाही. खोकल्याचं म्हणाल तर धुराने गप्प पडलेले श्वासनळीतले बारीक केस पुन्हा हलायला लागतात, कफ वर ढकलतात, म्हणून काही दिवस खोकला वाढू शकतो, तेवढ्यासाठी परत पेटवू देऊ नका. तलफ काही मिनिटांत ओसरते, चहानंतरची सगळ्यात वाईट, तेव्हा त्यांना अंगणात चक्कर मारायला न्या. निकोटीन गम डॉक्टरांना विचारून द्या, पण तो सतत चघळायचा नाही, तिखट लागला की गालात दाबून ठेवायचा. बिडी-तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन फुकट. आणि पंप ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखतात का ते एकदा समोर बसून बघाच, बरेच जण लगेच सोडून देतात.