वाचकांचे प्रश्न : पत्रा किती पातळ झाला की फाटतो?

प्रश्न : आमच्या प्रेस शॉपमध्ये 1 मिलिमीटरचा पत्रा 20 टक्क्यांपर्यंत पातळ झाला तरी चालतो, असा जुना नियम आहे. परंतु एका भागाची भिंत 16 टक्क्यांवरच फाटली, तर दुसरा भाग घुमटाच्या माथ्यावर 30 टक्क्यांहून अधिक पातळ होऊनही शाबूत राहिला. मग पत्रा केव्हा फाटेल, हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : आपली दोन्ही निरीक्षणे योग्य आहेत, अपुरा आहे तो नियम. पत्रा किती पातळ झाला याबरोबरच तो कोणत्या दिशांना किती ताणला गेला आणि मुळात तो कोणत्या प्रतीचा होता, हेही पाहावे लागते.

आधी फाटण्याची क्रिया पाहू. ताणताना पत्रा पातळ होतो, म्हणजे त्याची भार पेलण्याची क्षमता घटते. त्याच वेळी धातू ताणाबरोबर कठीणही होत जातो आणि ती घट भरून काढतो. हे भरून काढणे जोवर पुरेसे असते, तोवर ताण सगळीकडे पसरत राहतो. ते अपुरे पडले की सगळा ताण एका अरुंद पट्ट्यात गोळा होतो. या पट्ट्याला आपण नेक म्हणतो. त्याची रुंदी साधारण पत्र्याच्या जाडीएवढीच असते आणि तो पडल्यावर आजूबाजूचा धातू जवळजवळ ताणला जातच नाही, त्यामुळे तडा जाणे ही थोड्याच अवधीची गोष्ट उरते. म्हणून भाकीत करायचे ते नेक पडण्याचे; तडा दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो.

धातू किती वेगाने कठीण होतो हे एन-मूल्य सांगते. साध्या ताण-चाचणीत नमुना एकसारखा ताणला जाण्याची मर्यादा संपते, तेव्हाचा खरा स्ट्रेन (स्ट्रेन म्हणजे ताणल्याने झालेली सापेक्ष वाढ; खरा स्ट्रेन म्हणजे नव्या आणि मूळ लांबीच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम) या एन-मूल्याइतका असतो. कॉन्सिडेर या फ्रेंच अभियंत्याने 1885 मध्ये मांडलेल्या अटीतून हा निष्कर्ष निघतो. मात्र डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) पत्रा एकाच दिशेने ताणला जात नाही. म्हणून सपाट पत्र्यावर लहान वर्तुळांची जाळी उमटवतात आणि भाग ओढल्यावर त्यांच्या झालेल्या लंबवर्तुळांचे दोन्ही अक्ष मोजतात. मोठ्या अक्षावरून प्रमुख स्ट्रेन मिळतो, लहान अक्षावरून गौण. हे दोन आकडे आलेखावर मांडून सुरक्षित आणि फाटलेल्या जागा वेगळ्या करणारी रेषा काढली की ती फॉर्मिंग लिमिट कर्व्ह. 1960 च्या दशकात संशोधक कीलर यांनी तिची उजवी बाजू आणि 1968 मध्ये गुडविन यांनी डावी बाजू प्रस्थापित केली.

ही रेषा सर्वांत खाली येते ती गौण स्ट्रेन शून्याच्या आसपास असताना, म्हणजे पत्रा एका दिशेने लांबतो आणि आडव्या दिशेने ना आकसतो ना पसरतो तेव्हा. खोल भागाच्या भिंतीत पंचच्या (पत्रा डायमध्ये दाबणाऱ्या ठोकळ्याच्या) गोलाईलगत बहुधा हीच स्थिती असते आणि फाटण्याच्या तक्रारीही तिथूनच येतात. मृदू पोलादासाठी कीलर आणि ब्रेझियर यांचे सूत्र ही नीचतम मर्यादा देते : मिलिमीटरमधील जाडीला 14.13 ने गुणून त्यात 23.3 मिळवावेत आणि येणाऱ्या संख्येला एन-मूल्य भागिले 0.21 या गुणोत्तराने गुणावे. आपल्या जाडीला एन-मूल्य 0.21 असेल तर लांबी वाढण्याची मर्यादा सुमारे 37 टक्के येते, आणि आडवा स्ट्रेन शून्य धरल्यास पत्रा सुमारे 27 टक्के पातळ होईपर्यंत टिकतो. एन-मूल्य 0.10 असेल तर तीच मर्यादा सुमारे 18 टक्क्यांवर उतरते आणि पातळ होण्याची मर्यादा 15 टक्क्यांवर. आपला भाग 16 टक्क्यांवर फाटला याचे उत्तर मी प्रथम इथे शोधेन : त्या कॉइलचे एन-मूल्य मागवून पाहावे. हे सूत्र ॲल्युमिनियमला किंवा अतिबलवान पोलादांना लावू नये. त्यांच्यासाठी अर्धगोलाकार पंचच्या चाचणीने मोजलेली रेषाच घ्यावी.

घुमटाच्या माथ्यावर पत्रा दोन्ही दिशांना ताणला जातो. दोन्हीकडे 25 टक्के वाढ झाली, तर जाडी 36 टक्के कमी होते, तरीही चांगल्या मृदू पोलादात हा बिंदू रेषेखालीच राहतो, कारण उजवीकडे रेषा वर चढते. डाव्या बाजूला मात्र हिल यांच्या 1952 च्या सिद्धान्तानुसार मर्यादेवर दोन्ही खऱ्या स्ट्रेनची बेरीज कायम राहते, म्हणजेच जाडीतील घटही कायम राहते. 'इतके टक्के पातळ चालते' या नियमाला जो काही आधार आहे तो इथे आहे, आणि तोही एका ठरावीक पत्र्यापुरता.

आणखी एक धोका आवर्जून सांगतो. ही रेषा ताणाचा मार्ग सरळ राहील असे गृहीत धरून काढलेली असते. पहिल्या टप्प्यात दोन्ही दिशांना ताणलेला पत्रा दुसऱ्या टप्प्यात एकाच दिशेने ताणला, तर तो रेषेच्या बराच खाली असतानाही फाटू शकतो. म्हणून दोन-तीन टप्प्यांच्या भागात केवळ शेवटचा स्ट्रेन पाहून निश्चिंत होऊ नये.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये (संगणकावरील पूर्वचाचणीत) सगळा भाग हिरवा, म्हणजे सुरक्षित दिसतो, तरी पाडलेल्या भोकाची कड चिरते. असे का?

उत्तर : फॉर्मिंग लिमिट कर्व्ह नेक पडण्याविषयी सांगते, कापलेल्या कडेविषयी नाही. पंचने कापताना कडेचा धातू आधीच कठीण झालेला असतो आणि त्यात सूक्ष्म चिरा असतात; त्या वाढायला नेक पडण्याची गरज नसते. अशा कडेसाठी भोक-विस्तार चाचणीचे मूल्य वेगळे तपासावे लागते. दरम्यान पंच आणि डाय यांतील क्लिअरन्स (मोकळी फट) तपासावा, धार लावून घ्यावी आणि शक्य असेल तर बर (कापताना कडेला उरलेली धारदार कोर) असलेली बाजू पंचकडे ठेवावी, म्हणजे ती कमी ताणली जाईल.