पहिला कप कुणी प्यायचा

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप अजून वेगळा, मोरीशेजारच्या कोनाड्यात ठेवतात, हे पाहून तुला संताप आला. आणि पुढच्याच ओळीत तू लिहिलंस, ‘पण मी एकटी काय करणार?’ तुझा संताप योग्यच आहे. मला बोलायचंय ते पुढच्या ओळीबद्दल.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची हकिकत तुला माहीत असायला हवी. ते राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण दलिताच्या हातचा म्हणून सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांचा खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलापुढे थांबू लागला. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ज्यांनी एरवी त्या दारात पाऊल टाकलं नसतं, त्यांच्या ओठाला तो कप लागला. मनातून त्यांना पटलं असेल, नसेलही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की हा माणूस राजा होता. त्याला हुकूम काढता येत होते आणि त्याने ते काढलेही. 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, 1919 साली सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळायला मनाई केली. तरीही गंगारामांच्या हॉटेलात गिऱ्हाईक बसवायला हुकूम पुरणार नव्हता. तिथे स्वतः बसून चहा प्यावा लागला.

आज अस्पृश्यता पाळणं राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने बंद आहे, 1955 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कोनाड्यातला तो कप बघायला कोणी अधिकारी तुमच्या स्वयंपाकघरात येणार नाही. तिथे तू आहेस. चहा तू गाळतेस ना? मग ओत सगळ्यांचा एकसारख्या कपांत. मावशींना आत बोलाव, आणि तू जिथे बसतेस तिथेच बसून दोघी प्या. कप सारखा दिला आणि बसायला पायरी दाखवली, तर काहीच बदललं नाही. कप धुतानाही सगळे एकत्र धू. जुना कप काढून टाक.

आजी चिडतील. चिडू देत. त्यांना भाषण देऊ नकोस, उलट बोलू नकोस, पण दुसऱ्या दिवशी चहा तसाच दे.

एका गोष्टीची मात्र फार काळजी घे. तुझ्या धाडसाची किंमत मावशींना मोजायला लागू नये. घरातला राग त्यांच्यावर निघाला, काम सुटलं, तर महिन्याची भाकरी त्यांची जाईल, तुझी नाही. म्हणून ‘कप मी दिला, त्यांनी मागितला नव्हता’ हे सगळ्यांसमोर सांग. आणि कृपा करून त्याचा फोटो स्टेटसला लावू नकोस. आणखी एक: आजीच्या वयाच्या बाईला घरातलं लहान पोरही एकेरी हाक मारतं. तू ‘अहो’ म्हणायला लाग. धाकटा भाऊ ऐकेल आणि तसंच म्हणेल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्याच हेरवाड गावाचं नाव तू ऐकलं असशील. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. शासन गावाच्या मागून आलं, याचा मला फार आनंद वाटतो. पण ठरावाची खरी परीक्षा पुढच्या मयताच्या घरी असते. तिथे बांगड्या फोडायला एक हात पुढे होतो आणि कोणीतरी तो हात धरायचा असतो. तो धरणारी बाई शेजारची असते, जाऊ असते, नणंद असते.

संक्रांतीला तुमच्याकडे हळदीकुंकू असतं. तुझ्या काकूंना तीन वर्षांत कोणी बोलावलेलं नाही, असं तूच लिहिलंस. या वेळी बोलवायला तू स्वतः जा. आधी एकटीला भेट, ‘काकू, यायला आवडेल का? कुंकू लावलेलं चालेल का?’ असं विचार. त्यांची तयारी नसेल, तर चारचौघींत त्यांना अवघडून टाकू नकोस. तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी जाऊन बस, गप्पा मार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचार. त्या आल्या, तर इतर जणींबरोबरच ओटी भर आणि वाण दे. शेवटी बाजूला बोलावून देऊ नकोस. तुझ्या आईला हे आधी सांगून ठेव. मला वाटतं, त्या तुझ्या बाजूने उभ्या राहतील.

काय झालं ते कळव.

तुझे,
सर