नाल्याचं सांडपाणी पिऊन गाई-म्हशींना खरंच काही होतं का? की ढोरांना सगळं पचतं? आणि त्यांचं दूध चालतं का?

होतं. अन् "ढोराच्या पोटात सगळं पचते" हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलं आहे की तुमचा प्रश्न दिसला तशी लिहायलाच बसली.

आम्ही कुही तालुक्यातले. नाग नदीचं तुम्हाला माहीतच असेल, नागपूरची घाण घेऊन कन्हानला मिळते, तिथून वैनगंगा अन् पुढे गोसीखुर्द धरण. तसाच एक गटाराचा नाला आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून जातो. आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, त्यावर मोटर बसवून पॅरा नावाचं चाऱ्याचं गवत लावलं. युरियाचा दाणा न टाकता गवत कमरेएवढं, म्हणून सगळे खूश. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे जरा जास्तच काळपट हिरवं दिसते, एकदम भारे नका टाकू. पण सुनेचं ऐकते कोण.

त्या आखाडात पावसानं ताण दिला, मग पाऊस आला अन् आभाळ भरूनच राहिलं, उन्हाचा पत्ता नाही. म्हशी उपाशी होत्या, भासऱ्यांनी पुढ्यात भारेच्या भारे टाकले. दुपारी मोठी म्हैस लटलट कापत खाली बसली, धापा टाकायला लागली, पापण्या आतून निळसर काळ्या, अन् डॉक्टर यायच्या आत गेली. भासरे चार लोकांसमोर म्हणाले, "हिनं धुऱ्यावरच्या ज्वारीच्या फुटव्यात सोडल्या असतील, कोवळी ज्वारी लागली." मी म्हशी सोडल्याच नव्हत्या. जाऊबाईंना माहीत होतं, पण त्याही गप्प.

डॉक्टर आले तेव्हा दुसरी म्हैस झोकांड्या खात होती. त्यांनी तिच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं अन् मलाच दाखवलं, रक्त चॉकलेटसारखं तपकिरी. ज्वारीच्या विषात, म्हणजे सायनाइडमध्ये, रक्त लालभडक राहते. तपकिरी झालं तर नायट्रेट. सांडपाण्यात नायट्रोजन भरपूर, गवत तो ओढून घेऊन बुडाकडच्या दांड्यात नायट्रेट साठवते, ऊन नसलं की जास्तच. म्हशीच्या पोटातले जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिन बिघडवते, मग रक्त ऑक्सिजन नेऊच शकत नाही. श्वास चालू असून जनावर गुदमरते. डॉक्टरांनी शिरेतून मिथिलीन ब्लू हे निळं औषध दिलं, संध्याकाळी म्हैस उभी राहिली, लघवी हिरवीनिळी झाली होती. दूध काही दिवस फेकून द्यायला लावलं. अन् भासऱ्यांचं ऐकून ज्वारीचा इलाज केला असता तर? त्यात सोडियम नायट्राइट देतात, म्हणजे जे विष रक्तात आहे तेच आणखी टोचलं असतं.

तरी भासरे आजही म्हणतात ज्वारीच होती. वरून, "बाकीच्या म्हशी तर धष्टपुष्ट आहेत न?" धष्टपुष्ट दिसण्याला काही अर्थ नसतो. स्कॉटलंडमध्ये सांडपाण्याचा गाळ टाकलेल्या कुरणात मेंढ्या चारून अभ्यास झाला आहे. मेंढ्या वरून ठणठणीत, पण पोटातल्या पिल्लांच्या वृषणात अन् अंडाशयात बदल सापडले. जपानच्या मिनामाटात 1956 मध्ये माणसांचा आजार समोर आला, त्याआधीच तिथल्या मांजरी मासे खाऊन वेड्यासारख्या फिरत मरत होत्या. पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात जात होतं. जनावर आधी सांगते, घरातला कर्ता माणूस ऐकत नाही.

दुधाचं विचारलं होतं. नाल्यात डुंबलेल्या म्हशीची कास चिखलात बुडते, दगडी होते, म्हणजे जंतूंनी कास सुजते, ते जंतू दुधात येतात. उकळलं की जंतू मरतात. पण शिसं उकळून जात नाही. शिसं अन् कॅडमियम दुधात कमीच उतरतात, जास्त करून जनावराच्या यकृतात-मूत्रपिंडात, शिसं हाडातही बसते, म्हणून "दूध चांगलं आहे" याचा अर्थ म्हैस चांगली आहे असा होत नाही. उंदराच्या मुतातला लेप्टोस्पायरोसिस वेगळाच, तो गाभण म्हशीचा गाभ पाडतो अन् नाल्यात उतरणाऱ्या माणसालाही होतो.

आता हेही खरं की नाल्यावर मेलेलं प्रत्येक ढोर नायट्रेटनंच मरते असं नाही. पान लागते (म्हणजे साप चावतो), युरियाची पिशवी चाटते, कोवळी ज्वारीही खरंच लागते. अन् प्रत्येक नाला सारखा नसतो, कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट आणखी बिघडते.

तुम्ही काय करा, तर पिण्याचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं द्या, पण तेही नाल्याच्या काठचं असलं तर तपासा, माणसांसाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पॅरा गवत द्यायचंच असेल तर आधी तणस (धानाचा पेंढा) टाका, मग थोडं थोडं, बुडाचा दांडा सोडून कापा. आभाळ भरलेलं असताना नकोच. डॉक्टरांकडे नायट्रेट ओळखायचं डायफिनाइल अमाइनचं द्रावण असलं तर चिरलेल्या दांड्यावर थेंब टाकायला सांगा, गडद निळं झालं की ते गवत फेका. अन् एखादं जनावर गेलंच तर पुरायच्या आधी डॉक्टरांना रक्त दाखवा, रंग अन् कारण कागदावर लिहून घ्या, सही घ्या, अन् तो कागद घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. मी तेव्हा फक्त तोंडी ऐकून घेतलं, म्हणून आमच्याकडे अजूनही ज्वारीचंच नाव निघते.