अलास्का क्रूझ : डावी बाजू घ्यावी की उजवी?

तुम्ही विचारलंय की आईबाबांना घेऊन कॅनडातलं व्हँकुव्हर ते अलास्कातलं सीवर्ड बंदर असं सात रात्रींचं अलास्का क्रूझ करताय, बाल्कनी केबिन घ्यायचं पक्कं आहे, पण पोर्ट साईड घ्यावी की स्टारबोर्ड. उत्तर आधीच देऊन टाकते, स्टारबोर्ड घ्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात. आता का ते सांगते, कारण हे उत्तर फक्त तुमच्या रूटला लागू आहे आणि नेमका इथेच लोकांचा घोळ होतो.

तुमचं जहाज उत्तरेला जातंय आणि शेवटी जमीन तुमच्या उजव्या हाताला आहे, एवढं साधं गणित. तेच जहाज दुसऱ्या आठवड्यात सीवर्डहून खाली व्हँकुव्हरला येतं तेव्हा जमीन डावीकडे जाते, मग पोर्ट साईड भारी. माझ्या पहिल्या ट्रिपला एजंटने ठामपणे सांगितलं की अलास्काला नेहमी उजवी बाजूच घेतात, आणि आम्ही जात होतो सीवर्डजवळच्याच व्हिटियर बंदरातून दक्षिणेला! त्यालाही दिशा विचारावीशी वाटली नाही आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या बाल्कनीतून नुसतं राखाडी पाणी, आणि पलीकडच्या बाजूच्या डेकवर गेले तर फेअरवेदर रांगेची अख्खी भिंत समोर उभी, बर्फावर गुलाबी ऊन. माउंट फेअरवेदर ४६७१ मीटर आहे आणि समुद्रापासून अगदी जवळ, त्यामुळे तो डोंगर पाण्यातूनच वर आल्यासारखा वाटतो. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या केबिनमधेच होत्या, त्यांना ते दिसलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणूनच सोबत वयस्कर माणसं असली की मी बाजूच्या प्रश्नावर एवढा जोर देते. आपण काय, धावत पलीकडे जातो, त्यांना बाल्कनीतच बसून दिसायला हवं.

आणि उन्हाचा मुद्दा कोणी सांगत नाही. तुमच्या रूटवर डोंगर साधारण पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य त्यांच्या मागून येतो आणि फोटोत डोंगर काळेच दिसतात. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे जहाजाच्या दुसऱ्या अंगाला गेला की तुमची बाल्कनी सावलीत आणि समोरचा बर्फ पूर्ण उजेडात. उन्हाळ्यात तिथे सूर्य खूप उशिरा मावळतो, तेव्हा जेवणाची वेळ लवकरची घ्या आणि नंतर दोन-तीन तास बाल्कनीत बसा. सूर्यास्त मात्र तुम्हाला स्वतःच्या बाल्कनीतून बहुतेक दिसणार नाही, तेवढं सोडावं लागेल.

आता ग्लेशियरच्या (हिमनदीच्या) दिवसाची काळजी करू नका. ग्लेशियर बे या नॅशनल पार्कमधे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना सोडतात, पार्कचे रेंजर जहाजावर येतात आणि स्पीकरवरून माहिती सांगत राहतात, आणि मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज बराच वेळ थांबून हळूहळू स्वतःभोवती फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंना बघायला मिळतं. आत जाताना जे डावीकडे दिसतं ते बाहेर येताना उजवीकडे येतं. हबर्ड ग्लेशियरलाही जहाज असंच वळवतात. तरी त्या दिवशी निदान अर्धा तास तरी आईबाबांना उघड्या डेकवर घेऊन जा, कारण बाल्कनीत एकच तुकडा दिसतो आणि आवाज नीट कळत नाही. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो आणि गडगडाट नंतर येतो, तोपर्यंत पाणी उसळून परत खाली बसायला लागलेलं असतं. आणि जहाजाभोवती तरंगणारे छोटे बर्फाचे तुकडे तडतड करत असतात, त्यात अडकलेली जुनी हवा सुटताना होणारा आवाज तो, शांत उभं राहिलं तरच ऐकू येतो.

इनसाइड पॅसेजमधे तर बेटांमधून जाताय, दोन्हीकडे जमीन, तिथे बाजूचा फारसा फरक नाही. देवमासे तर कुठूनही वर येतात, त्यासाठी कुठलीच केबिन बुक करता येत नाही. बंदरातही बाजू धरून चालू नका, जहाज कुठल्या अंगाने धक्क्याला लावायचं ते धक्का, वारा, प्रवाह बघून ठरतं.

आणखी एक, तुमचे मित्र सिएटलहून सिएटलला परत येणारं क्रूझ घेतायत म्हणालात, त्यांना हे लागू नाही. जायचं-यायचं दोन्ही त्याच किनाऱ्याने, म्हणजे अर्धा वेळ एक बाजू, अर्धा वेळ दुसरी, शिवाय त्यातली बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून उघड्या समुद्रातून जातात. त्यांनी बाजूवर जास्त पैसे घालवू नयेत.

जुनी माहिती वाचताना पण जपा. व्हेनिसला येताना स्टारबोर्ड घ्या, सेंट मार्क चौक दिसतो असं अजून लिहिलेलं सापडतं, पण ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या चौकासमोरून जाणाऱ्या कालव्यातून जाऊच देत नाहीत. आणि नॉर्वेच्या गैरांगर फ्योर्डमधे आत जाताना सेव्हन सिस्टर्स धबधबा डावीकडे, पण फ्योर्ड पुढे बंद असल्यामुळे जहाज परत त्याच वाटेने येतं आणि उजवीकडच्यांनाही तो दिसतोच. म्हणजे बाजू महत्त्वाची ठरते ती एकेरी आणि किनाऱ्याला धरून जाणाऱ्या प्रवासात, तुमचा तसाच आहे.

बुकिंग करताना डेक प्लॅन उघडा. पुढचं टोक वर असेल तर उजवी बाजू स्टारबोर्ड, पण प्लॅन आडवा असेल आणि पुढचं टोक डावीकडे असेल तर स्टारबोर्ड वरच्या ओळीत येते, इथे खूप जण फसतात. बऱ्याच जहाजांवर सम नंबर पोर्टला आणि विषम स्टारबोर्डला असतात, पण सगळीकडे नाही, त्यामुळे नंबरवर विसंबू नका. केबिनच्या बाहेर किंवा खाली लाइफबोट टांगलेली नाही ना तेही बघा, नाहीतर बाजू बरोबर असून समोर बोटीचं छप्पर. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून गॅरंटी केबिन घेऊ नका, त्यात केबिन कंपनी ठरवते, बाजू तुमच्या हातात राहत नाही, बाकी कशावर पैसे वाचवायचे ते वाचवा पण आईबाबांसाठी इथे नको.

नंबर मिळाला की जहाजाच्या नावासकट इथे टाका, प्लॅनवर बघून सांगते.