“मॅडम, हे माझ्यामुळे झालं का?”

मुलगा नऊ वर्षांचा. गोष्ट सांगायला बसला की रंगवून सांगतो, पण शाळेत लघवीला गेला की परत येताना त्याला आपला वर्ग सापडत नाही. शाळा म्हणते लक्ष नसतं, आजी म्हणते लाडावलाय. वडील फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा आईने हळूच वरचा प्रश्न विचारला. दिवस गेल्यावरही बरेच महिने ती दारू पीत होती. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही.

“छे, तसं काही नसतं” असं मी म्हटलं नाही. तिला खरं कळायला हवं होतं. आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात उतरते. ती पचवण्याइतकं बाळाचं यकृत तयार झालेलं नसतं. मेंदूतल्या काही पेशी मरतात, काही भलत्याच जागी जाऊन बसतात. जागा आणि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागालाही झळ पोचते. गर्भात असताना दारू मिळालेल्या उंदरांना गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला लावला, तर त्याची जागा शिकणं त्यांना जड जातं. संगणकावर तशीच टाकी दाखवून घेतलेल्या चाचणीत गर्भातल्या दारूमुळे होणारा विकार असलेली मुलंही चाचपडली.

१९७३ साली अमेरिकेतल्या सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असं नाव दिलं, तेव्हा त्याची एक खूण चेहऱ्याची ठेवणही होती: बारीक डोळे, पातळ वरचा ओठ. पण दारूने मेंदूला झळ पोचलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि मग ती ‘आळशी’ ठरतात. याचं मला फार वाईट वाटतं.

अर्थात, या मुलाचं कारण हेच आहे, असं मी ठरवू शकत नाही. ते बालविकासतज्ज्ञ तपासून सांगतील. पण त्यांना आईकडून हे कळलं तरच. नवऱ्याला कधी सांगायचं ते तिने ठरवावं, डॉक्टरांना मात्र लगेच सांगावं, एवढा आग्रह मी धरला. तिने सांगितलं. तपासण्या चालू आहेत. तोवर बाईंनी त्याला खुणा बांधून दिल्यात: नळ आला की वळायचं, निळं दार म्हणजे आपला वर्ग. एका वेळी एकच सूचना, रस्ता रोज तोच.

“कळायच्या आधी एका लग्नात दोन पेग झाले होते” म्हणून घाबरलेल्याही खूप जणी येतात. तेवढ्यावरून बाळाचं काय होईल हे कुणी सांगू शकत नाही. गरोदरपणात निर्धोक असं प्रमाण मात्र माहीत नाही, म्हणून आजपासून बंद, आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं. रोजची सवय असेल तर एकदम आपल्या मनाने सोडू नका. अंगाला कापरं भरतं, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.